वाऱ्याची उचल

बीडमधून बाहेर पडणारा माणूस बहुतेक करून पश्चिमेकडेच निघतो. शिकायला पुणं, नोकरीला पुणं नाहीतर मुंबई, ऊसतोडीला सातारा, सांगली, कोल्हापूर. अमेरिकेला निघालेला माणूसही याला अपवाद नाही. न्यू जर्सीत लेकीकडे जायचं तर आमच्या घरापासून मुंबईपर्यंतचे सुमारे चारशे किलोमीटर पश्चिमेकडे, आणि तिथून पुढचे साडेबारा हजारही पश्चिमेकडेच. येताना सगळं उलट. वर्गात भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तरी या दिशांना किंमत असते हे मला खऱ्या अर्थाने जाणवलं ते तिकीट हातात आल्यावर. जाताना विमानाला जवळपास सोळा तास लागणार होते आणि येताना चौदा. शहरं तीच, विमान त्याच जातीचं.

बायकोने चष्मा लावून दोन्ही आकडे पाहिले आणि विचारलं, "येतानाचे दोन तास गेले कुठं?"

मी वर्गात द्यायचो तसं उत्तर दिलं, की वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून. तिला ते पटलं, पण तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "मग जाताना जेवढे गेले तेवढे येताना परत मिळत असतील ना?" त्यावर मी "हो, साधारण तसंच" म्हणालो आणि बॅगा भरायला लागलो. तिचा तो प्रश्न मात्र प्रवासभर माझ्याबरोबर राहिला.

दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही निघालो. गाडी पुतण्याची, चालवणारा तोच. मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की बालाघाटाचं पठार सुरू होतं, आणि लिंबागणेश, पाटोद्याच्या बाजूला पवनचक्क्या दिसायला लागतात. नोव्हेंबरात त्यांची पाती आळसावलेली असतात, काही तर उभीच. पुतण्या म्हणाला, "काका, आषाढात बघा ह्यांना. नुसता घोंगावा."

त्याचं बरोबर होतं. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर सगळ्यात जोरात असतो. द्वीपकल्पावर जुलैत असा खालच्या थरातला जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो हे पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या आपल्या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिलं. बालाघाटासारख्या उंच पठाराला त्या वाऱ्याचा खालचा पदर लागतो, म्हणून पवनचक्कीवाल्यांनी ही माळरानं शोधली. ज्या जमिनीत कुळीथसुद्धा धड येत नव्हता तिला अचानक भाव आला, आणि भावाबरोबर भांडणंही आली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचं प्रकरण तपासात पुढे आलं. तेव्हापासून या पात्यांकडे नुसतं वाऱ्यावर चालणारं यंत्र म्हणून बघणं आम्हा बीडकरांना जमत नाही.

पण बीडच्या डोक्यावरचा वारा म्हणजे एवढाच नव्हे. त्याचे मजले आहेत. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा असतो, आणि चौदा-पंधरा किलोमीटर वर गेलं की बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे पळणारा. या पूर्वेच्या जेट प्रवाहावरचा पायाभूत निबंध पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली लिहिला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. हिवाळ्यात हा वरचा पूर्वेचा वारा नाहीसा होतो. तेव्हा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर, बाराएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जेट प्रवाह ठाण मांडतो. दिल्ली त्याच्या वाटेत येते. बीड त्याच्या काठावर येतं, पण वरच्या थरात वारा पश्चिमेचाच. जून उजाडला की हा प्रवाह तिबेटच्या पठाराच्या उत्तरेला सरकतो आणि मोसमी पावसाला मैदान मोकळं होतं. म्हणजे आमच्या पेरण्या आणि दिल्लीहून लंडनला जाणारी विमानं एकाच वाऱ्याच्या जाण्यायेण्याकडे डोळे लावून असतात.

हे वरचं वारं कळतं कसं? आमच्या सगळ्यात जवळचं उत्तर छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात आहे. तिथून हवामान खातं फुगे सोडतं. जगभर या फुग्यांची वेळ ठरलेली आहे, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची. फुग्याला टांगलेली डबी तापमान, आर्द्रता, दाब कळवत वर जाते, आणि ती कुठे वाहत चालली यावरून प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात. तीसेक किलोमीटर वर गेल्यावर फुगा फुटतो, पण तोवर त्याने दिलेले आकडे जगभरच्या संगणकांपर्यंत पोचलेले असतात. विमानांसाठी वरच्या वाऱ्याचा जागतिक अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन इथली दोन केंद्रं देतात. त्या अंदाजावरून विमान कंपनीचा माणूस मार्ग आखतो, इंधन ठरवतो, उंची ठरवतो. चिकलठाण्याच्या फुग्याने सांगितलेला वारा अशा रीतीने मुंबईहून सुटणाऱ्या विमानाच्या कागदांत असतो.

जामखेडच्या अलीकडे आम्हाला ऊसतोड कामगारांच्या गाड्या लागल्या. ट्रकात संसार भरलेला, वर बायामाणसं, मागे शेळी, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाळणा बांधलेला. दरवर्षी लाखांच्या घरात माणसं बीड जिल्ह्यातून अशी निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती घरात, लग्नात, दवाखान्यात आधीच संपलेली असते, मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा कित्येकांच्या अंगावर बाकी राहते, आणि ती बाकी त्यांना पुढच्या दसऱ्यानंतर परत त्याच टोळीत नेते. आमची गाडी त्यांना मागे टाकून पुढे गेली. दोघांचीही दिशा पश्चिमच होती.

मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटलं. समोरच्या पडद्यावर नकाशा, आणि त्याच्या कोपऱ्यात आकडे आलटूनपालटून येत होते. उंची दहा हजार सहाशे मीटर, बाहेर उणे चोपन्न अंश, जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ७९० किलोमीटर, आणि शेवटी समोरचा वारा, ताशी ११० किलोमीटर. बेरीज केली तर नऊशे. विमानाला त्याच्या भोवतालच्या हवेत तो नऊशेचाच वेग असतो, जाताना आणि येतानाही. त्या उंचीवरच्या गारठ्यात आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटरपर्यंत खाली येतो, आणि प्रवासी विमान त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतं. त्याहून जोरात पळवलं तर इंधन भलतंच जळतं, त्याहून सावकाश नेलं तर वेळ जातो. पण ती हवाच पूर्वेकडे चाललेली असेल, तर जमिनीच्या हिशेबात तेवढी वजाबाकी होते. आत बसलेल्याला याचा पत्ता लागत नाही. चहाच्या कपातला चहा तसाच स्थिर, खिडकीबाहेर तोच काळोख.

वर्गात दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, "सर, पृथ्वी फिरते, मग हेलिकॉप्टर नुसतं वर जाऊन उभं राहिलं तर?" मी त्याला फळ्यावर हिशेब करायला लावायचो. बीड आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, उत्तर १९. रेखांशात फरक तीनेक अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे बीडच्या वर हेलिकॉप्टर उभं केलं की बारा मिनिटांत खाली मुंबई यायला हवी. एसटीचा पास काढायची गरज नाही! पोरं हसायची, आणि मग एखादी मुलगी सांगायची, की सर, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते. तिथे तास संपायचा. आता विमानात बसल्यावर मला त्या तासाचा पुढचा भाग आठवत होता, जो घंटेमुळे राहून जायचा. हवा पृथ्वीबरोबर फिरते, पण सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, तीस अंश उत्तरेला १,४५०च्या आसपास. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि उत्तरेकडे सरकते तेव्हा पूर्वेकडची आपली जुनी गती बरोबर घेऊनच येते, आणि खालच्या संथ जमिनीच्या पुढे पळायला लागते. त्यात उत्तरेच्या थंड आणि दक्षिणेच्या उबदार हवेतला फरक हिवाळ्यात वाढतो आणि हा वारा आणखी जोर धरतो. काही हजार किलोमीटर लांब, काहीशे किलोमीटर रुंद, पण जाडीला जेमतेम काही किलोमीटर अशी ती हवेची नदी होते. पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा विमानाला मिळतो तो असा आडवळणाने, आणि तोही पूर्वेकडे जाणाऱ्याला. हेलिकॉप्टरवाल्या पोराचा हिशेब खरा असता तर अमेरिकेला जाणं सोपं आणि परत येणं अवघड झालं असतं.

नकाशावरची आमची वाट सरळ नव्हती. गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाटच उत्तरेकडून वळते, त्यात समोरचा वारा टाळायला विमान आणखी वळसा घेत होतं. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून आम्ही कॅनडावर उतरत गेलो. अंतर वाढवून वेळ वाचवायचा, ही वरच्या रस्त्यांची रीत. अटलांटिकवर तर हे रस्ते रोज नव्याने आखतात. वाऱ्याचा अंदाज बघून समुद्रावर समांतर मार्ग ठरवले जातात. दिवसा युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे मार्ग ब्रिटन आणि आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक केंद्र जाहीर करतं, रात्री उलट येणाऱ्यांचे कॅनडातलं गँडर. जाणाऱ्यांचे मार्ग जेट प्रवाहाला चुकवत आखलेले आणि येणाऱ्यांचे त्याच्या पोटातून. काल जिथून रस्ता होता तिथे आज नसतो.

न्यू जर्सीतल्या थंडीत बाहेर पडायची सोय नव्हती. जावई सकाळी न्यूयॉर्कची लोकल पकडायचा, लेक घरून काम करायची, आणि मी एडिसन गावच्या वाचनालयात बसून या वाऱ्याचा इतिहास वाचायचो. त्यातला मला सगळ्यात आवडलेला माणूस जपानी आहे, वासाबुरो ओइशी. टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेचा तो प्रमुख. १९२०च्या दशकात त्याने फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढून, जपानवर हिवाळ्यात भयंकर वेगाचा पश्चिमी वारा असतो हे नोंदवलं आणि १९२६ साली ते छापलंही. पण छापलं एस्परान्तोत. साऱ्या जगाला कळावं म्हणून साऱ्या जगासाठी तयार केलेली भाषा त्याने निवडली, आणि म्हणूनच ते जवळपास कुणीच वाचलं नाही. १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून गेली तेव्हा वैमानिकांना हा वारा अंगावर अनुभवावा लागला. वाऱ्याच्या दिशेने गेलं तर विमान इतकं सुसाट जायचं की नेम लागेना, आणि उलट गेलं तर विमान जागचं हलेना. त्याच वाऱ्यावर जपानने आगीचे बॉम्ब बांधलेले हजारो कागदी फुगे पॅसिफिकपार अमेरिकेवर सोडले. शांततेच्या काळात पुढे प्रवासी कंपन्यांनी या वाऱ्याचा उपयोग केला तो वेळ आणि इंधन वाचवायला.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा. २०१६च्या ऑक्टोबरात त्यांनी तेच विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर जवळजवळ चौदाशे किलोमीटरनी वाढलं, १५,३०० झालं, पण वारा पाठीशी आला आणि साडेचौदा तासांत विमान पोचलं. आधीच्या रस्त्याला त्याहून जास्त वेळ लागायचा. लांबच्या रस्त्याने लवकर पोचायचं हे जमिनीवरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. जुन्या काळच्या कोकणातल्या तांडेलाला ते वाटलं नसतं. तो मस्कतला जायचा ते ईशान्येच्या वाऱ्यावर, आणि परत यायला वारा फिरायची वाट बघत बंदरात बसून राहायचा. विमान वाट बघत नाही. वारा उलटा असला तर तेल जाळून त्यातून जातं, एवढाच फरक.

फेब्रुवारीत आम्ही परत निघालो. हा महिना मी मुद्दाम निवडला नव्हता, पण वारा बघायला याहून चांगला महिना नाही. हिवाळ्याच्या अखेरीस अमेरिकेचं गोठलेलं भूखंड आणि त्याच्या किनाऱ्यालगत वाहणारा उबदार गल्फ स्ट्रीम यांच्यातला फरक टोकाला गेलेला असतो, आणि न्यू इंग्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंतच्या आकाशात जेट प्रवाह उसळलेला असतो. विमान दुपारच्या आत सुटलं. तासाभरात पडद्यावर आकडा चढायला लागला. ताशी ९८०, १,०४०, १,११०. पाठीमागचा वारा दोनशेच्या वर. मी शेजारी झोपायच्या तयारीत असलेल्या बायकोला कोपराने ढोसून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे परत द्यायला लागला."

आमचा आकडा विक्रमाच्या जवळपासही नव्हता. ८ फेब्रुवारी २०२०ला, सिआरा वादळाच्या दिवशी, ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत गेलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१९मध्ये, लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेलं व्हर्जिन अटलांटिकचं विमान पेनसिल्व्हेनियावर ताशी १,२८९ किलोमीटरवर पोचलं होतं. जमिनीवर आवाज जेवढ्या वेगाने पळतो त्याहून हे आकडे जास्त आहेत, तरी या विमानांनी आवाजाची मर्यादा ओलांडली नव्हती. आपल्या भोवतालच्या हवेत ती नेहमीच्याच वेगाने चालली होती, फक्त ती हवाच पळत होती.

फुकट काही मिळत नाही हे थोड्या वेळाने कळलं. पट्टे बांधायची घंटा वाजली, आणि स्वच्छ आकाशात, कुठेही ढग नसताना, विमान गदगदा हलायला लागलं. जेट प्रवाहाच्या मधोमध हवा गुळगुळीत असते. त्याच्या कडेला वेगवान आणि संथ हवा एकमेकींना घासतात तिथे हे धक्के बसतात. रडारला ते दिसत नाहीत, कारण रडारला दिसायला पाण्याचे थेंब लागतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली मांडलं, की उत्तर अटलांटिकवर असे तीव्र धक्के १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढले. हवामान तापतंय तशी वरच्या थरांतली तफावत वाढते, आणि वारा जास्त फाटका होतो.

युरोपावर जोर ओसरला. पण अरबस्तानाच्या टोकाकडे वळलो तशी पाठीमागच्या वाऱ्याने पुन्हा उचल खाल्ली. हा दुसरा प्रवाह, उष्ण कटिबंधाच्या काठावरचा, उत्तर आफ्रिकेवरून आणि आखातावरून उत्तर भारताकडे येणारा. आपल्या घरच्या आकाशातला. अरबी समुद्रावर आलो तेव्हा वैमानिकाने सांगितलं, की आपण वेळेच्या पाऊण तास आधी उतरत आहोत. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. खरं म्हणजे वेळापत्रकातच हंगामाचा सरासरी वारा धरलेला असतो. त्या सरासरीच्या वर वारा सापडला, तेवढंच आमचं लवकर येणं.

उतरतानाची गंमत मला सगळ्यात जास्त आवडली. आम्ही पश्चिमेकडून, समुद्रावरून आलो होतो. सरळ येऊन उतरता आलं असतं, तरी विमान मुंबई ओलांडून पुढे गेलं, ठाण्याच्या खाडीच्या बाजूला वळलं आणि तोंड पश्चिमेकडे करून घाटकोपरच्या घरांवरून धावपट्टीकडे उतरलं. दुपारी मुंबईत समुद्राकडून वारा सुटतो. उतरताना आणि उडताना विमानाला वारा समोरून लागतो, कारण मग जमिनीच्या हिशेबाने वेग कमी राहतो आणि थोड्या धावपट्टीत थांबता येतं. पाठीमागचा वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास गेला तरी बहुतेक विमानांना त्या बाजूने उतरायची परवानगी नसते. ज्या वाऱ्याने अर्धी पृथ्वी ओलांडून आणलं, तोच पाठीमागचा वारा शेवटच्या दोन किलोमीटरला नको असतो.

बाहेर आल्यावर पुतण्याला फोन लावला.

"उतरलात पण?" तो ओरडलाच. "काका, मी आत्ता चाकणच्या अलीकडं हाय. तुम्ही सांगितलेल्या टाइमानं निघालो होतो बरं का. आपल्याकडं काहीच लवकर येत नाही, विमान कसं काय आलं?"

आम्ही सामानाच्या गाडीवर टेकून बसलो. आणि मग मला बायकोचा तो अवघड प्रश्न निवांतपणे सोडवता आला. सोपे आकडे घेतले. नऊ हजार किलोमीटर अंतर, विमानाचा वेग नऊशे. वारा नसेल तर जाताना दहा तास, येताना दहा, एकूण वीस. आता शंभरचा वारा धरू. जाताना वेग आठशे, वेळ सव्वाअकरा तास. येताना वेग हजार, वेळ नऊ तास. बेरीज सव्वावीस. पंधरा मिनिटं कमी परत मिळाली! दीडशेचा वारा धरला तर जाताना बारा तास, येताना आठ तास चौतीस मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटांची तूट. कारण साधं आहे. उलट्या वाऱ्यात विमान हळू चालतं, म्हणून त्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं. पाठच्या वाऱ्यात जोरात चालतं, म्हणून त्याचा फायदा थोडाच वेळ घेतं. तोटा सहन करायला तास जास्त आणि नफा घ्यायला कमी. वारा जितका वाढेल तितकी ही तूट वाढते, आणि वाऱ्याच्या दीडपटीला तूट दुपटीहून जास्त होते. मार्गाची हुशार आखणी करून ती कमी करता येते, पुसून टाकता येत नाही. २०१६ साली रेडिंगच्याच पॉल विल्यम्स यांनी दाखवलं होतं, की जेट प्रवाह बळकट झाला तर अटलांटिकवरचं जाणं लांबेल, येणं आखडेल, आणि दोन्हींची बेरीज वाढेल. सगळ्या विमानांची मिळून वर्षाला दोनेक हजार तास जादा उड्डाण.

मी हा हिशेब बायकोला बोर्डिंग पासच्या पाठीवर मांडून दाखवला. ती बीडजवळच्या खेड्यात वाढलेली, तिच्या घराशेजारून दरवर्षी टोळ्या निघायच्या. आकडे बघून म्हणाली, "म्हणजे मुकादमाचाच हिशेब की. उचल फिटत नाही ती नाहीच." याहून चांगलं मला सुचलं नसतं. फरक एवढाच, की माझ्या अंगावर राहिलेली बाकी काही मिनिटांची, आणि तीही विमान कंपनीच्या तेलातून वळती झालेली. जामखेडच्या रस्त्यावरच्या ट्रकातल्या माणसांची बाकी त्यांच्या पोरांच्या शाळेतून वळती होते.

पुतण्या आला, गाडी लागली, आणि आम्ही पूर्वेकडे निघालो. लोणावळ्याचा घाट, चाकण, शिक्रापूर, शिरूर. अहिल्यानगरच्या पुढे अंधार पडला. कारखाने अजून चालू होते, उसाने भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. टोळ्या परतायला अजून अवकाश होता. कड्याच्या पुढे रस्त्याच्या जवळून रेल्वेचा रूळ जातो. अहिल्यानगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाइन, १९९५ साली मंजूर झालेली. २०२२च्या सप्टेंबरात ती आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली प्रवासी गाडी धावली. तीस वर्षं. मंजुरीच्या वर्षी मी ज्यांना फळ्यावर ही लाइन खडूने काढून दाखवली होती, त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. पाऊण तास लवकर आलेल्या विमानाला टाळ्या वाजवणारे आम्ही, त्या गाडीच्या दिवशीही स्टेशनात टाळ्या वाजवत होतोच. लवकर आणि उशीर यांचं माप आमच्याकडे थोडं वेगळं आहे.

लेक जुलैत यायची आहे, तिची पोरं पहिल्यांदाच बीडचा पावसाळा बघणार आहेत. पुतण्याने पाटोद्याजवळ आतापासूनच विचारून ठेवलं, "मग तेव्हा किती आधी निघू?"

म्हटलं, "जुलैत अटलांटिकवरचा वारा ढिला पडतो. आपल्याकडचा पश्चिमेचा प्रवाह तिबेटच्या पलीकडे गेलेला असतो, आणि वर उलटा, पूर्वेचा वारा सुरू झालेला असतो. म्हणजे मुंबईकडे येताना शेवटी शेवटी तो समोरूनच लागेल. लवकर यायचं कारण नाही. आणि मुंबईत पाऊस कोसळत असला तर विमान वरच घिरट्या घालत बसेल. वेळेवर नीघ."

त्याने थोडा वेळ गाडी चालवत हिशेब केला. "म्हंजे हिवाळ्यात लवकर निघायचं, पावसाळ्यात आरामात. काका, हे जाताना सांगितलं असतं तर आज शिक्रापूरला थांबून मिसळ खात बसलो नसतो."